पोलोला कॉइलओव्हर: चोर्ल्यासाठी की चन्नम्मा चौकात मिरवायला?

अनगोळचा_टर्बो

मंडळी नमस्कार, बेळगावातनं लिहितोय. गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटर, १०५ पीएस, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टायर १९५/५५ आर१६. मीटर ८२ हजारावर. इंजिनाची काही तक्रार नाही, गिअरबॉक्सचं नाव काढत नाही, दृष्ट लागायची.

तक्रार खालची आहे. सासर डिचोलीला, त्यामुळं महिन्यातनं दोनदा तरी पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतो. हल्ली खड्डा गेल्यावर नाक दोन-तीनदा डुलतं, मग थांबतं. वळणात गाडी आधी कलते, मग वळते. मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतोय. म्हणजे शॉकअप बदलायचेच आहेत. तर म्हटलं, बदलतोयच तर कॉइलओव्हर, म्हणजे गाडीची उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, का नको?

अटी सांगतो. आई मागं बसते, तिला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माला जायचं असतं. आमच्या गल्लीच्या तोंडाला गटारीवरची फरशी वर आलेली आहे, रोज दोनदा ती ओलांडायची. ट्रॅकवर मी कधी गेलेलो नाही, जाणारही नाही. कुठला किट, किती खाली, सेटिंग काय, सगळं सांगा.

शहापूर_स्टान्स

भावा विचार कसला करतोयस, ६० मिमी खाली घे, चाक आणि फेंडरमध्ये बोट जाता कामा नये. आरपीडी कॉर्नरला गाडी लावली की पोरं फोटो काढतील. माझी आय२० तशीच आहे, लई भारी दिसते.

खानापूर_एक्सप्रेस

आधी एक विचारतो, राग नको. ८२ हजार झालेले थकलेले शॉकअप काढून नवे कोरे ओरिजिनल घातलेस तर तुझी निम्मी तक्रार तिथंच मिटेल. नवी असताना ही गाडी अशी डुलत होती का? नव्हती की. मग दोष शॉकअपच्या वयाचा आहे, डिझाइनचा नव्हे.

त्याहून थोडं घट्ट पाहिजे असेल तर मूळ स्प्रिंग ठेवून चांगले शॉकअप घाल. बिलस्टीनचे बी६ मूळ उंचीसाठी असतात, बी८ आखूड स्प्रिंगसाठी. बसवा आणि विसरा. कॉइलओव्हर म्हणजे पाळीव जनावर, रोज विचारपूस लागते. आपल्याकडच्या पावसात तर विचारूच नको.

उद्यमबाग_लेथ

खानापूरवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ज्याला पाना हातात धरायचा कंटाळा त्यानं कॉइलओव्हरच्या वाटेला जाऊ नये. पण पोराला शिकायची हौस दिसते, म्हणून लिहितो. मी गाडीवाला नव्हे, लेथवाला. तीस वर्षं उद्यमबागेत आटे पाडतोय, आणि कॉइलओव्हर म्हणजे शेवटी आटे पाडलेला शॉकअपच की ओ.

पहिलं लक्षात घे. तुझ्या पोलोला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, तिथं स्प्रिंग शॉकअपवरच बसते. मागं ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा, पिळ खाणारा आडवा दांडा. तिथं स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. म्हणजे खरा कॉइलओव्हर पुढंच. मागं स्प्रिंगखाली फिरवून उंची बदलायची बैठक मिळते, एवढंच.

दुसरं. किट दोन जातीचे. एकात उंची बदलायची म्हणजे स्प्रिंगखालची रिंग वर-खाली फिरवायची. रिंग खाली नेली की गाडी खाली येते, आणि शॉकअपची दांडी तेवढीच आत जाऊन बसते. दबायला समजा ७० मिमी जागा होती आणि तू गाडी ५० खाली घेतलीस, तर उरली २०. दुसऱ्या जातीत खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो, शॉकअपची अख्खी नळी खाली-वर होते. उंची बदलली तरी दांडीचा प्रवास तेवढाच राहतो. पण चाकाला फेंडरच्या आत जागा किती, टायर कुठं घासतो, ते त्या ब्रॅकेटला कळत नाही. ते आपण बघायचं.

तिसरं, प्रीलोड, म्हणजे गाडीचं वजन यायच्या आधीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवणं. 'प्रीलोड दिला की स्प्रिंग कडक होते' असं गॅरेजात सगळे सांगतात. चूक. स्प्रिंग ४ किलो प्रति मिमीची आहे. ५ मिमी प्रीलोड दिलास म्हणजे २० किलो आधीच दाबून ठेवलेस. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन ३०० किलोच्या घरात. गाडी जमिनीवर टेकली की ते २० किलो कधीच ओलांडले गेले. त्यापुढं एक मिमी दाबायला ४ किलोच लागणार. फरक पडतो तो उंचीत, आणि चाक खाली लोंबायला किती जागा उरते त्यात.

चहा आला. बाकीचं उद्या.

टिळकवाडी_ताई

लेथकाका, ते ७० मधून ५० गेले हे मी स्वतःच्या पैशानं शिकले आहे.

पहिल्या किटवर मी गाडी मापानं नाही, नजरेनं खाली घेतली. ४५-५० मिमी असेल. गाडी दिसायला राणी. तिसऱ्या रेल्वे गेटच्या जोडावरून जाताना मात्र खाली कुणीतरी हातोडा मारतंय असं वाटायचं. सगळे म्हणाले स्प्रिंग कडक आहे, मऊ घाल. मी मऊ घातली. आणखी वाईट! कारण मऊ स्प्रिंग जास्त दबते, आणि दबायला जागाच नव्हती. दांडी बंपस्टॉपवर, म्हणजे त्या पिवळ्या फोमच्या ठोकळ्यावर टेकूनच चालत होती. मी स्प्रिंगवर बसलेच नव्हते, फोमवर बसले होते.

वळणात तर घाबरगुंडी. वळण घेताना बाहेरच्या पुढच्या चाकाचा फोम संपला की ते चाक एकदम दगड होतं आणि गाडी सरळ पळायला बघते. हे मला वंटमुरी घाटात कळलं. सुदैवानं शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं.

तुला फुकटातली युक्ती देते. शॉकअपच्या चकचकीत दांडीवर एक केबल टाय घट्ट बांध, अगदी खाली, नळीच्या तोंडाशी टेकवून. फेरी मारून ये. शॉकअप दबला की नळी त्या टायला वर ढकलते, आणि तो तिथंच राहतो. किती दबला ते दिसतं. टाय फोमला जाऊन चिकटला असेल तर गाडी उंच कर, स्प्रिंगला शिव्या देऊ नकोस.

शहापूर_स्टान्स

ताई पण दिसायला राणी होती ना? तेवढं महत्त्वाचं 😄

टिळकवाडी_ताई

राणीचे दोन टायर आतल्या बाजूनं तारा दिसेपर्यंत झिजले, ते पण महत्त्वाचं.

अनगोळचा_टर्बो

डोकं गरगरायला लागलं, पण मजा येतेय. काका, एका विक्रेत्यानं तैवानी मोनोट्यूब किट सांगितलाय, उंची ब्रॅकेटवर बदलणारा, ३० क्लिकचा, म्हणजे शॉकअप मऊ-कडक करायचे ३० टप्पे. पुढं ६ किलो आणि मागं ४ किलोच्या स्प्रिंग येतात म्हणे. हे जमेल का?

निपाणीचा_जावई

काका येईपर्यंत मी थोडं बोलतो. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तळाशी तरंगता पिस्टन आणि त्यामागं भरपूर दाबाचा नायट्रोजन. तेल आणि गॅस मिसळत नाहीत, नळीला बाहेरून थेट वारा लागतो, म्हणून लांब घाटात तापून ढिला पडत नाही. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी, गॅसचा दाब कमी. छोट्या छोट्या खडबडीवर ती जरा मवाळ वागते, आणि बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतला पिस्टन चालत राहतो. खड्ड्यांच्या मुलखात हा गुण हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नावं घ्यायची तर केडब्ल्यूमध्ये व्ही१ ला फक्त उंची, व्ही२ ला उंची आणि रिबाउंड (शॉकअप परत उघडतानाचा विरोध), व्ही३ ला रिबाउंड आणि कंप्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही वेगवेगळं. बिलस्टीन बी१४ ला फक्त उंची, डॅम्पिंग, म्हणजे डुलणं थोपवायचा हा विरोध, कारखान्यात ठरलेलं. टाइनच्या फ्लेक्स झेडला १६ टप्पे, बीसी रेसिंगच्या बीआरला ३०. क्लिक जास्त म्हणजे माल भारी असं मात्र नाही. एकच बटण असलेल्या बहुतेक किटमध्ये ते मुख्यतः रिबाउंड बदलतं, कंप्रेशन थोडंसं ओढीनं बदलतं. ज्याला रोज फिरवायचं नाही त्याला व्ही१, बी१४ सुद्धा बास.

उद्यमबाग_लेथ

आलो. ६ आणि ४ का नको ते आकड्यानं दाखवतो. जेवणाआधी लिहितोय, चूक दिसली तर सांगा.

गाडी धरूया ११०० किलो, त्यातली पुढं ६२ टक्के. पुढच्या एका चाकावर ३४० किलो. त्यातनं चाक, ब्रेक, हब असलं न डुलणारं वजन काढलं की ३००. मागं एका चाकावर २१०, बीमचा वाटा काढून १८०.

आता स्प्रिंगची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोचत नाही. चाक २० मिमी वर गेलं तर स्प्रिंग किती दबली हे मोजायचं. पुढं स्ट्रटला जवळजवळ तेवढीच दबते, ०.९६ धरा. मागं स्प्रिंगची बैठक चाकाच्या रेषेत नसते. भाच्याच्या गाडीची मागची स्प्रिंग काढून चाक जॅकनं २० मिमी उचललं, बैठक १७ उचलली. म्हणजे ०.८५. तुझ्या गाडीवर तू मोज, माझं घेऊ नकोस. हा आकडा दोनदा गुणायचा असतो, वर्ग करून.

किटच्या स्प्रिंगवर पुढं ६ गुणिले ०.९२ म्हणजे चाकाशी साडेपाच किलो. गणित केलं की डुलण्याचा वेग येतो सेकंदाला २.१४ वेळा. मागं ४ गुणिले ०.७२, म्हणजे २.९ किलो, वेग २.०. कारखान्यातनं येणाऱ्या साध्या गाड्या एक ते दीडच्या मधे असतात, घट्ट स्पोर्टी गाडी दीड ते दोन. तुझं पुढचं टोक दोनच्याही पुढं. आई मागं बसणार म्हणतोस ना?

आणि पुढचं मागच्यापेक्षा वेगात डुलतंय, हे उलटं आहे. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला नंतर. मागच्यानं उशिरा सुरुवात करून पुढच्याला गाठायचं असेल तर मागचं थोडं चपळ पाहिजे; मग दोन्ही टोकं एकदम वर-खाली होऊन गाडी सपाट राहते. नाहीतर बैलगाडीसारखी झुलते. मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरनं १९३० च्या दशकात हे शोधून काढलं, आजही चालतं.

पुढं ६ च्या जागी ४ घाल. ४ गुणिले ०.९२, ३.७ किलो, वेग १.७५. मागं २.० च राहू दे. मागं दोन माणसं आणि पिशव्या धरून कोपऱ्याला ८० किलो वाढले तर ते १.६६ वर येतं, आईची कंबर वाचते. शिवाय पुढचं मऊ, मागचं घट्ट केलं की पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणात सरळ पळायची खोड कमी करते. ऑर्डर देताना सांगितलं तर पुष्कळ विक्रेते स्प्रिंग बदलून देतात. विचार.

खानापूर_एक्सप्रेस

काका, हे वाचून माझं मत थोडं हललं हे कबूल करतो. पण उंचीचं बोला की. मॅकफर्सनला लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडवा असतो तेव्हा ठीक. फार खाली घेतलं की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. म्हणजे गाडी बुटकी होऊन उलट जास्त कलायला बघते! लोक मग आणखी कडक स्प्रिंग शोधतात. स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचाही कोन बिघडतो, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळायला लागतं.

उद्यमबाग_लेथ

बरोबर. म्हणून त्याला १५ ते २० मिमीपेक्षा जास्त खाली घेऊ देणार नाही. रस्ते बांधणाऱ्यांच्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच. आपल्या गावांत कसा असतो? हातभर रुंद आणि गुडघ्याला लागेल एवढा. जमिनीपासून मूळची १६५ मिमीच्या आसपासची जागा, त्यातली २० गेली तरी १४५ उरते. बास झालं.

कॅम्प_वकील

मधेच तोंड घालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. विमा कंपनीला लेखी कळव, पावत्या जप. अपघात झाल्यावर सर्व्हेअरला आधी आटेच दिसतात.

अनगोळचा_टर्बो

तीन आठवड्यांनी आलो. किट आला, पुढं ४ मागं ४ मिळालं. बसवलाही.

आता रडगाणं. गावातल्या एका गॅरेजात बसवला, नाव घेत नाही. तिथल्या अण्णांना मी घाई करत होतो, ते म्हणत होते 'स्वल्प तडीरी', जरा थांबा. ऐकायला पाहिजे होतं. घरी येताना पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून 'टंग' असा आवाज. देवळातली घंटा लांबून ऐकल्यासारखा. वेगात काही नाही, फक्त जागेवर वळवताना. परत गेलो तर म्हणाले नवीन आहे, बसेल. चार दिवस झाले, बसत नाही. मी मात्र रात्री उठून बसतोय.

उद्यमबाग_लेथ

इंजिन बंद ठेवू नको, चालू ठेव. हँडब्रेक लाव. बायकोला स्टिअरिंगवर बसव, तू चाकाच्या मागून हात घालून स्प्रिंगला नुसता तळवा लाव, बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत. तिला सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांग. काय जाणवतं ते लिही.

अनगोळचा_टर्बो

केलं आत्ताच. उजवीकडची स्प्रिंग शॉकअपबरोबर गुळगुळीत फिरते. डावीकडची आधी फिरतच नाही, पिळ खाऊन ताठ होते, तळव्याला ते कळतं, आणि मग एकदम झटका देऊन सुटते. तोच 'टंग'. बायको म्हणते आता मी चोर्ल्यात तुझ्याशेजारी बसणार नाही.

उद्यमबाग_लेथ

वरचं बेअरिंग अडकलंय. तिथं वॉशर, बेअरिंग, वरची बैठक यांचा क्रम ठरलेला असतो. वॉशर उलटसुलट बसला की तो बेअरिंगच्या फिरत्या भागावर दाबून बसतो. रविवारी शेडवर ये. येताना टॉर्क रेंच आण, माझा मोठा आहे.

आणि एक विचारून ठेव. लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, गाडी हवेत लोंबत असताना आवळले की चाकं जमिनीवर टेकवून?

अनगोळचा_टर्बो

रविवारचा वृत्तांत. आख्खा दिवस गेला, काकूंच्या हातची भाकरी आणि पिठलं मिळालं.

डावा स्ट्रट काढला. काकांचा अंदाज तंतोतंत, वॉशर बेअरिंगच्या वर न जाता खाली गेला होता. त्याच्या कडेनं बेअरिंगच्या कवचावर अर्धा चंद्र घासलेला, चांदीसारखा चमकत होता. बेअरिंग सुदैवानं गेलं नव्हतं. वरचा नट काकांनी एअरगननं मारू दिला नाही. दांडी फिरू नये म्हणून वरच्या टोकाला ॲलन की लावून हातानं आवळला. मी दांडी पकडायला पक्कड उचलली तर असे ओरडले की शेजारच्या शेडमधला माणूस बघायला आला. दांडीवर एक ओरखडा पडला की सील फाटलं, तेल बाहेर, किटचे पैसे पाण्यात.

बुशचं उत्तर: हवेतच आवळले होते. रबर मधल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेलं असतं. हवेत आवळलं की गाडी खाली टेकताच ते कायमचं पिळलेलं राहतं, उंचीही खोटी दिसते आणि थोड्या महिन्यांत रबर तुटतं. गाडी शेडमधल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, चाकांवर उभी, चारदा दाबून उसळू दिली, मग बोल्ट ढिले केले. ढिले करताच पुढचं नाक ४ मिमी बसलं! माझ्या डोळ्यांदेखत. काका म्हणाले आतापर्यंत तू बुशवर बसला होतास. बोल्ट नवे आणले होते; टॉर्क देऊन वर पाव फेरा असा प्रकार आहे, जुने पुन्हा वापरत नाहीत.

उंची: चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत, मूळच्या मापापेक्षा पुढं १८ मिमी, मागं १५ मिमी खाली. मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाएवढी सिमेंटची पोती ठेवली. आट्यांना अँटिसीझ, म्हणजे ते जाम होऊ न देणारं ग्रीस, फासलं, रिंगा काकांच्या सी-पान्यानं लॉक केल्या. हेडलाइटचा झोतही परत जुळवून घेतला.

नंतर अलाइनमेंट. पुढं कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) दोन्हीकडं उणे १ अंश २० मिनिटं, टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) जवळपास शून्य. मागं बीमला शिम, म्हणजे पातळ पट्टी, घातल्याशिवाय काही बदलता येत नाही, आहे ते कागदावर छापून घेतलं.

टिळकवाडी_ताई

कॅम्बर आधी, टो नंतर केलं ना? मॅकफर्सनला वरून कॅम्बर हलवला की टो आपोआप बिघडतो. माझे टायर कॅम्बरनं नाही, त्या बिघडलेल्या टोनं खाल्ले होते. आणि पाचेकशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसली की परत एकदा.

अनगोळचा_टर्बो

हो ताई, त्याच क्रमानं. परत करणार.

आता क्लिक. काकांनी वही घालायला लावली. नियम दोनच: मोजणी नेहमी पूर्ण कडक टोकापासून, आणि आधी दोन्ही टोकं सारखी ठेवून बघायचं, ते जमलं की एका वेळी एकच टोक बदलायचं. चाचणीचा तुकडा ठरवला, कणकुंबीच्या पुढून घाट उतरून परत वर. मलप्रभेच्या उगमाशी देवळात हात जोडून सुरुवात. सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा, आणि वेग आपल्या लेनमध्ये राहील एवढाच.

वहीतलं जसंच्या तसं:

पुढं १५, मागं १५. ठीक. मोठ्या उंचवट्यावर एकदाच डुलते. बारीक खडबडीवर मात्र दात वाजतात.

मला वाटलं कडक केलं की स्थिर होईल. पुढं ६, मागं ६. पहिल्या दोन वळणांत वाटलं वा, गो-कार्ट! मग ओळीनं खड्डे असलेला पट्टा आला. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली बसत गेली, शेवटी पोटात घट्ट गोळा. टाय बघितला तर फोमपासून ३ मिमीवर. रिबाउंड इतका की चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा.

पुढं २४, मागं २४. गादी. डुलणं परत आलं, पण जुन्या शॉकअपइतकं नाही. ब्रेक मारला की नाक खाली जाऊन वर यायला वेळ.

पुढं १९, मागं १९. बरं. वळणात शिरताना नाक अजून थोडं आळशी.

पुढं १९, मागं १४. हेच! स्टिअरिंग फिरवलं की मागचं टोक लगेच साथ देतं, नाक आत येतं. टाय फोमपासून १९ मिमीवर.

आश्चर्य म्हणजे १५ वरून १९ हे चारच क्लिक, पण गल्लीतली फरशी ओलांडताना आईनं विचारलं, 'आज फरशी बसवली काय रे?'

निपाणीचा_जावई

झकास. एक सूचना, पावसात मागचं १४ ठेवू नकोस. ओल्या चोर्ल्यात मागचं टोक कडक असलं आणि उतारावर वळणात अचानक पाय उचललास तर मागची चाकं बाहेर जायला बघतील. जूनमध्ये मागं १८-१९ कर, पुढंही दोन-तीन क्लिक मऊ.

खानापूर_एक्सप्रेस

आणि पावसाळ्यात आट्यांवर तांबडी माती चढू देऊ नकोस. जांबोटीच्या रस्त्याची ती माती सुकली की सिमेंट. नळी स्टीलची, रिंग ॲल्युमिनियमची, मधे पाणी. एका पावसात जाम होतात, मग छिन्नी-हातोडा. ब्रशनं धू, जुनी सायकलची ट्यूब कापून आट्यांवर चढव. दर सर्व्हिसला रिंगा अर्धा फेरा हलवून परत जागेवर आण. मी अजूनही साधे शॉकअपच घेणार, पण तुझं वाचायला आवडलं.

शहापूर_स्टान्स

काका, ताई, एक सांगू का, हसू नका. काल मी पण केबल टाय बांधला. घरापासून गोगटे सर्कल आणि परत, बास तेवढंच. टाय फोममध्ये रुतून बसलाय, ओढून काढावा लागला.

टिळकवाडी_ताई

हसत नाही. किती मिमी वर घेणार?

शहापूर_स्टान्स

२५ चालेल का? फेंडरमध्ये दोन बोटं जातील एवढं. तीन नको, प्लीज.

उद्यमबाग_लेथ

आधी मोजू, मग बोटांचं बघू. रविवारी ये शेडवर. येताना सी-पाना आण बाबा, माझा त्या दिवसापासून सापडेना. कुणी उचलला काय की.

अनगोळचा_टर्बो

काका, तो माझ्या डिकीत आहे. रविवारी मीच घेऊन येतो, कुंदा पण आणतो.